लाभ, दोन, तीन

माझ्याकडं मदत मागायला येणाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "मॅडम, लाल आलंय." नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही. मोबाइल पुढं करायचा. त्यात संगणकाच्या पडद्याचा वाकडातिकडा काढलेला फोटो, फोटोत लाल अक्षरांच्या पाच-सहा ओळी, आणि नेमकं काय बिघडलंय हे जिथं लिहिलेलं असतं ती शेवटची ओळ फोटोतून कापलेली. डॉक्टरकडं जाऊन पोट दुखतंय म्हणायचं आणि पोट घरी ठेवून यायचं, असला प्रकार.

मुरूमच्या बाजारात एका किराणा दुकानाच्या माडीवर माझा वर्ग होता. सुरुवातीला टायपिंगचा. मग टाइपरायटर भंगारात गेले आणि त्याच टेबलांवर संगणक आले. पेंटरनं पाटीवरचं 'टायपिंग' पुसून 'कॉम्प्युटर' केलं, पण गावाच्या तोंडी मी शेवटपर्यंत टायपिंगच्या मॅडमच राहिले. अलीकडची काही वर्षं पोरं पायथनसाठी यायची. पायथन ही संगणकाला काम सांगायची एक भाषा आहे आणि हल्ली कुठल्याही शाखेला जा, ती पाचवीला पुजलेली असते. मी ती पन्नाशीत शिकले, पुस्तकात बघून, चुकतमाकत. तज्ज्ञ मी नव्हते. गावात दुसरं कुणी नव्हतं म्हणून झाले. गेल्या वर्षी वर्ग बंद केला, आणि आता अंकासाठी काहीतरी प्रेरणादायी लिहा असं संपादकांचं म्हणणं आहे. प्रेरणा मिळालीच तर वाचकांनी ती आपापल्या जबाबदारीवर घ्यावी.

लाल अक्षरं वाचायची असतात, एवढं शिकवण्यात माझी निम्मी ताकद गेली. प्रोग्राम म्हणजे संगणकाला ओळीनं लिहून दिलेल्या सूचना. त्यात कुठं चुकलं की तो थांबतो आणि लाल अक्षरांत सांगतो, बाबा रे, अमक्या ओळीत अमकं समजलं नाही. ओळीचा नंबरसुद्धा देतो. इतक्या सभ्यपणानं आपलं काम का अडलंय हे कुठल्याही खिडकीवर कुणी सांगत नाही. पण पोरांना लहानपणापासून लाल म्हणजे मास्तरांचा शेरा हेच ठाऊक. लाल दिसलं की कोर्टाची नोटीस आल्यासारखी तोंडं फिरवायची. माझा नियम एकच होता: शेवटची ओळ मोठ्यानं वाच. निम्म्या जणांचं काम तेवढ्यात व्हायचं. वाचता वाचताच "आरं, कंस राहिला की" म्हणून जिन्यानं खाली पळायचे, आणि खाली जाऊन मॅडमनी सोडवून दिलं म्हणून सांगायचे. मीही नाही म्हणत नसे.

दुसरी जमात जर्नलवाल्यांची. कॉलेजात प्रोग्राम करण्यापेक्षा तो जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिणं महत्त्वाचं. खाली त्याचं उत्तर काय आलं तेही लिहायचं. आता उत्तर यायला आधी प्रोग्राम चालवावा लागतो, आणि तेवढा वेळ कुणाकडं आहे? म्हणून मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवायचं. नाव आणि वय विचारून नमस्कार करणारा एक प्रोग्राम असतो, तो बहुधा पहिल्यांदा संदीप नावाच्या कुणीतरी प्रामाणिकपणे केला असावा. त्यानंतर आलेल्या प्रत्येक जर्नलमध्ये, मग ते अश्विनीचं असो की इरफानचं, "नमस्कार संदीप, तुमचे वय १९" हेच उत्तर. संदीप आता दोन लेकरांचा बाप झाला असेल, पण आमच्या तालुक्यात तो अजून एकोणीसचाच आहे.

आणि एक प्राध्यापक होते. त्यांच्या भाच्याला पायथनच्या अडचणी येत. भाचा मी कधी पाहिला नाही. पण त्याची अडचण दर बुधवारी यायची आणि प्राध्यापकांचा तास दर गुरुवारी असायचा. मीही अगदी भाच्याला कळेल असं सोपं करून लिहून पाठवायची. शेवटी एकदा खोडसाळपणानं विचारलं, भाच्याचं कसं चाललंय? म्हणाले, भाचा बरा आहे, वर्गातल्या पोरांना मात्र काही येत नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, कारण यात नुकसान झालं तर एखाद्या जर्नलचं. ज्यात झालं ते आता सांगते. त्याचं मूळ माझ्या वडलांत आहे, पण दोष त्यांचा नाही.

माझे वडील मुरूमच्या बाजारात मापाडी होते. मापाडी म्हणजे धान्य मापून देणारा माणूस. माप भरून पोत्यात ओततानाच मोठ्यानं मोजत जायचं, म्हणजे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही ऐकू जातं. पण पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही. 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार, असं. पहिल्या मापाचा मान असतो, त्याला आकड्यात बसवत नाहीत. मी फ्रॉकात होते तेव्हापासून ते मोजणं कानात आहे.

पायथनमध्ये नावांची यादी केली की ती ओळीनं मांडलेल्या खणांसारखी असते, आणि पहिल्या खणाचा नंबर एक नसतो, शून्य असतो. दुसऱ्याचा एक. का, याला कारणं आहेत, पण नवशिक्या पोराला ती सांगणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. "मॅडम, शून्य म्हंजी कायच न्हाय. मग त्याच्यात नाव कसं ठिवायचं?" हे मला प्रत्येक बॅचनं विचारलं. मला शिकवायची हौस होती, धीर नव्हता. एका दुपारी चौथ्यांदा तेच समजावताना माझं डोकं फिरलं आणि मी म्हणाले, सोडा ते शून्य. पहिल्या खणात नुसतं 'लाभ' लिहून टाका आणि आपण एकपासून मोजू.

काय सांगू, वर्गात उजेड पडला. यादीत सगळ्यात आधी लाभ, मग सुनीता एक, मग गणेश दोन. मोजणी एकपासून सुरू. कुणाला शंका नाही, कुणाला लाल नाही. अकरा दिवस लागायचे ते अकरा मिनिटांत आटोपलं. मी स्वतःवर इतकी खूश झाले की पुढच्या प्रत्येक बॅचला तेच शिकवलं. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून भरल्यावर सुटणाऱ्या जीपनं लोहाऱ्याला जाऊन वर्ग घ्यायची, तिथंही तेच. भाच्याच्या मार्फत ते कॉलेजातही पोचलं. एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका पोराला विचारलं, प्रत्येक यादीत हा लाभ कोण आहे? पोरगं म्हणालं, "सर, त्यो घ्यावाच लागतो." परीक्षकांनी मार्क दिले. बहुधा त्यांनाही बस गाठायची असावी. हा किस्सा मी लग्नाकार्यात कितीतरी वेळा सांगितला आहे, आणि दरवेळी वडलांचं नाव घेऊन भाव खाल्ला आहे.

नागनाथ माझा सगळ्यात पक्का विद्यार्थी. अंगानं किरकोळ, बोलणं कमी, सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणं करणारा. हा गुण यंत्रात असला तर बरा, माणसात असला तर जरा बघून घ्यावं लागतं. त्याला धाराशिवला एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात नोकरी लागली. जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून बारावी झालेल्या मुली तिथं राहून पुढं शिकतात. जागा चाळीस, अर्ज कितीतरी जास्त. आधी यादी हातानं व्हायची आणि यादी लागली की वशिल्याच्या गोष्टी जिल्हाभर फिरायच्या. नागनाथनं प्रोग्राम केला: सगळ्या अर्जांचे मार्क घ्यायचे, जास्तीपासून कमीपर्यंत लावायचे, पहिल्या चाळीस मुलींची यादी छापायची. माणसाचा हातच नाही. त्यानं मला फोन करून सांगितलं तेव्हा मी किराणा दुकानात उभी होते. दुकानात होते नव्हते त्या सगळ्यांना ऐकवलं.

त्यानंतर काही वर्षांनी अंबिका माझ्या वर्गात आली. मुरूमजवळच्या एका वाडीची. वडील मेंढरं राखतात. पोरगी अशी की लाल आलं तर स्वतः वाचायची, मग माझ्याकडं बघून नुसती मान हलवायची, म्हणजे कळलं. बारावीला तिला भरपूर मार्क पडले. तिनं त्या वसतिगृहाचा अर्ज भरला तेव्हा मी म्हणाले, तुझं काम झालं समज. यादी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी ती दुपारी माडीवर आली आणि दारातच थांबली.

"मॅडम, उद्यापासून येत न्हाय म्या. नंबर लागला न्हाय."

वसतिगृह नाही तर धाराशिव नाही, आणि धाराशिव नाही तर पुढचं शिक्षण नाही, हे तिच्या घरी आधीच ठरलं होतं. थोरल्या बहिणीचं लग्न जमलेलं होतं. वडील म्हणाले होते, नंबर लागला तर खुशाल जा, नाही लागला तर एकाच मांडवात दोघींचं उरकू. दुसरा मुलगाही बघून ठेवलेला. वडील वाईट नाहीत. मांडव एकदा घातला की त्यात जास्तीत जास्त कामं करून घ्यायची, एवढाच त्यांचा हिशेब.

तिनं मोबाइलवर यादीचा फोटो दाखवला. नाव आणि मार्क, दोन्ही छापलेले. यादीतल्या पहिल्या मुलीला अंबिकापेक्षा दोन टक्के कमी होते. पहिल्या मुलीला. मी दोनदा बघितलं.

"अगं, हिला तुझ्यापेक्षा कमी आहेत."

"व्हय. बघिटलं म्या."

"मग विचारलं नाहीस?"

"काय इचारायचं मॅडम? वशिल्याचं आसंल."

हे ती इतक्या सहज म्हणाली की मला तिचा राग आला. आता वाटतं, राग तिचा नव्हता. आमच्याकडं उघड अन्याय दिसला तरी त्यात चूक असेल असं कुणाच्या मनात येत नाही. ती रीत वाटते. मलाही तेच वाटलं की. मी तावातावानं नागनाथला फोन लावला आणि म्हणाले, किती घेतलेस? तो बिचारा रडकुंडीला आला.

"शपथ घिऊन सांगतो मॅडम, यादीला कुणाचा हात लागत न्हाय. तुमी शिकिवल्यावानीच प्रोग्राम हाय."

म्हणाले, पाठव. त्यानं फोटो पाठवला. तिरका, आणि शेवटची ओळ कापलेली. अखेर विद्यार्थी माझाच. दुसऱ्यांदा धड फोटो मागवला आणि खुर्चीवर बसून ओळीनं वाचला. लाल कुठंच नव्हतं. प्रोग्राम चालत होता, चाळीस नावं छापत होता, नावांपुढं एक ते चाळीस अनुक्रमांक अगदी रांगेत. फक्त मोजणी एकपासून सुरू होती. आणि यादीच्या डोक्यावर लाभ नव्हता.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. संगणकाचा पहिला खण शून्याचा. त्यात लाभ बसवला की पहिली मुलगी एकच्या खणात जाते आणि एकपासून मोजलं तरी बरोबर येतं. लाभ काढला की पहिली मुलगी शून्याच्या खणात सरकते. मग एकपासून मोजणारा प्रोग्राम तिला ओलांडून पुढं जातो, दुसरीला पहिली म्हणतो, आणि एक्केचाळिसावीला चाळिसावी करून आत घेतो. यादी मार्कांप्रमाणं लावलेली, म्हणजे दरवेळी गळणार ती सगळ्यात हुशार मुलगी. लाल येऊन अडणारा प्रोग्राम प्रामाणिक असतो. गुमान चालणाऱ्याची भीती धरावी, हे मी पोरांना फळ्यावर लिहून द्यायची.

"नागनाथ, लाभ कुठाय?" मी विचारलं.

मग त्यानं सांगितलं. पहिल्या वर्षी लाभ होता. त्यानं लाभ नावाची एक मुलगीच करून टाकली होती आणि ती कायम वर राहावी म्हणून तिला एकशे एक टक्के मार्क दिले होते. छापताना ती यायची नाही. पण दुसऱ्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी अर्जांची मूळ यादी मागवली आणि चष्मा चढवून वाचायला घेतली. पहिल्याच नावाला अडले. ही लाभ कोण? आडनाव नाही, गाव नाही, अर्ज नाही, आणि एकशे एक टक्के? हिच्यासाठी कुणाचा फोन आला होता? असली वशिल्याची पोरगी माझ्या संस्थेत चालणार नाही, काढा तिला. साऱ्या कारकिर्दीत अध्यक्षांनी पकडलेला हा एकमेव वशिला.

"तू सांगायचं नाहीस का, की ती खोटी आहे?"

"खोटी हाय म्हणलं आसतं तर आजून चिडले आसते. साहेब म्हणले काढ, म्या काढली." मग हळूच म्हणाला, "एकचं शून्य करायचं डोक्यातच आलं न्हाय, मॅडम. तुमी कायम एकपासूनच..."

वाक्य त्यानं पुरं केलं नाही, तेवढे माझे संस्कार. अध्यक्षांवर हसायला मला जन्मभर पुरेल, पण त्या प्रोग्राममधला तो 'एक' माझा होता. मी पोरांना शून्य शिकवलं नव्हतं. शून्य चुकवायची युक्ती शिकवली होती, आणि तिचा मान घेत फिरत होते. त्या दुपारी मला माझीच किळस आली. अंबिका समोर बसून होती. तिला सगळं सांगितलं. तिनं नेहमीसारखी मान हलवली, कळलं म्हणून. मी तिच्या वडलांना फोन करून म्हणाले, दोन दिवस तिच्यासाठी बघितलेल्या मुलाकडच्यांना शब्द देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी धाराशिवला गेलो. अध्यक्षांनी चहा मागवला. मी कागदावर खण काढून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बाई, कॉम्प्युटर चुकतो व्हय कधी?" मी म्हणाले, कॉम्प्युटर चुकला नाही, आम्ही चुकलो. हे त्यांना पटेना. त्यांच्या संस्थेत आजवर कुणी चुकलेलं नव्हतं. शेवटी मी म्हणाले, चूक माझ्या शिकवण्यात आहे, तसं लिहून देते. हे ऐकताच त्यांचा चेहरा खुलला. चूक संस्थेबाहेरची आहे असं लेखी मिळतंय म्हटल्यावर दहा मिनिटांत एक खाट जादा टाकायचं ठरलं. पत्र मी त्यांच्याच संगणकावर बसून टाइप केलं. टायपिंगची बाई मी, एक चूक नाही त्यात.

अंबिका फॉर्म भरायला गेली. मी विचारलं, मागच्या दोन वर्षांच्या दोन मुलींचं काय? अध्यक्ष म्हणाले, "मागचं उकरून काय करायचंय? त्या पोरी आता आपापल्या घरी सुखात असतील."

"पत्ते द्या," मी म्हणाले, "बघून येते."

नागनाथनं जुने अर्ज काढून दिले. एकीचा पत्ता लागला तो असा की ती मावशीकडं लातूरला राहून शिकतेय. तिच्याशी फोनवर बोलले. ती हसली आणि म्हणाली, बरं झालं, तिथलं जेवण चांगलं नसतं म्हणे. दुसरी रेखा. गाव लोहाऱ्याजवळचं. अर्जावरचा फोटो मी उजेडात नेऊन पुन्हा बघितला. लोहाऱ्याच्या उन्हाळी वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची ती. चेहरा ओळखला, नाव मात्र अर्जावर वाचावं लागलं. फोन लावला तर वडलांनी सांगितलं, तिचं लग्न झालं, बेंबळीला दिली. वसतिगृहापासून एसटीनं तासाभराच्या आत.

अंबिकाला खाट दाखवून झाली, तिची पिशवी ठेवली, आणि मी एकटीच बेंबळीची गाडी धरली. काय सांगायचं ते वाटेत तीन-चार प्रकारे जुळवून पाहिलं. त्यात स्वतःला थोडं सोडवून घेणारे दोन प्रकार होते, हेही कबूल करते.

मी पोचले तेव्हा नळाला पाणी आलं होतं. तिकडं पाणी रोज येत नाही, म्हणून आलं की सगळं घर त्याच कामात असतं. रेखा अंगणात नळापाशी घागरी लावत होती. तिनं मला लगेच ओळखलं. "मॅडम, तुमी? बसा की." ओट्यावर तिच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत ही कोण, असा प्रश्न. मी नळाजवळच्या दगडावर बसले आणि सांगायला लागले. सोडवून घेणारे दोन्ही प्रकार तिला बघताच विसरले होते. लाभाची युक्ती माझी, एकपासून मोजणं माझं, पहिला खण शून्याचा असतो हे आणि लाभ निघाला की काय होतं ते मी कुणाला शिकवलंच नव्हतं, सगळं सांगितलं. मधे मधे ती भरलेली घागर उचलून रिकामी लावायची. मी थांबायची, मग पुन्हा बोलायची.

"म्हंजी म्या कितवी व्हते?" तिनं पाठमोरी असतानाच विचारलं.

"पहिली. अख्ख्या जिल्ह्यातून आलेल्या अर्जांत."

तिनं घागर काढली, हंडा लावला. म्हणाली, "आमचे दादा आजून म्हणत्यात, चार मार्क जास्त पाडायचे व्हते, म्हणून." दादा म्हणजे तिचे वडील. सासूबाईंनी ओट्यावरून विचारलं, काय म्हणतायत गं त्या? रेखा म्हणाली, "काय न्हाय आत्या. जुन्या क्लासच्या मॅडम हायत, सहज आल्यात." मला रडू आलं. तिनं मला तिच्या घरच्यांपासून वाचवलं होतं, आणि ते मी मागितलं नव्हतं.

मी म्हणाले, तुझ्या वडलांना मी स्वतः जाऊन सांगते. ते मी पुढं सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं, पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्यानंतर माझी एकच बॅच झाली. तिला मी शून्यापासून शिकवलं. पूर्ण अकरा दिवस लागले, पोरं कंटाळली, दोघं सोडून गेली. मी एक दिवससुद्धा कमी केला नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी नळापाशी रेखा म्हणाली, "बघू की परोग्राम."

मी नागनाथकडून तो कागदावर छापून आणला होता. का आणला होता कुणास ठाऊक, पुरावा म्हणून असेल. तिनं पदराला हात पुसले आणि कागद घेतला. लोहाऱ्याच्या वर्गानंतर तिनं संगणकाला हात लावला नव्हता. ओळीवर बोट ठेवत ठेवत ती खाली आली. वरून पाचव्या-सहाव्या ओळीवर बोट थांबलं.

"मॅडम, लाभ हितंच व्हता न्हवं?"

कचेरीत ज्या कागदाकडं दोन वर्षं कुणी बघितलं नाही, तो तिनं पाणी भरता भरता मिनिटभरात वाचला होता. तिनं माझ्या पर्सला अडकवलेलं पेन मागून घेतलं, कागद गुडघ्यावर ठेवला, 'एक'वर काट मारली आणि शेजारी शून्य काढलं. नीट, गोल.

"यवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

तिनं कागदाची घडी घातली आणि पेनासकट माझ्या हातात दिली. "तुमीच ठेवा," ती म्हणाली, "फुडच्या पोरींना शिकिवताना लागंल." आणि ती नळाकडं वळली. पाणी जायच्या आत तिला अजून दोन हंडे भरायचे होते.